गाडीवरची अक्षरं

१९८४ च्या मे महिन्यात मी तेरा वर्षांची होते आणि दर सुट्टीसारखी वाईला आजोळी गेले होते. त्या वर्षी मामाच्या डोक्यात एक इंग्रज लेखक बसला होता. मासिकांत, वर्तमानपत्रांत जिकडेतिकडे जॉर्ज ऑर्वेलचं नाव होतं, कारण पस्तीस वर्षांपूर्वी त्याने ज्या सालाचं नाव आपल्या कादंबरीला दिलं ते साल उजाडलं होतं. मामा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. आणीबाणीत तो काही महिने येरवड्याच्या तुरुंगात होता, पण घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. आजी तर 'तो पुण्याला होता तेव्हा' असंच म्हणायची.

'१९८४' आम्हा पोरांना झेपणार नाही म्हणून मामाने त्याच लेखकाचं दुसरं, बारीक पुस्तक काढलं. त्यात जनावरं होती, तेव्हा ते लहान मुलांना चालेल असा साधा हिशेब. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की खालून वायर ओढून लावलेल्या चाळीसच्या बल्बखाली तो 'ॲनिमल फार्म' वाचायचा. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचा आणि तोंडाने मराठी सांगायचा. स्क्वीलर नावाच्या बोलघेवड्या डुकराचं त्याने 'किंचाळ्या' केलं होतं. बॉक्सर घोड्याचं नाव मात्र बदललं नाही. आम्ही चार भावंडं होतो आणि चौघांचाही जीव बॉक्सरवर.

ज्यांनी हे पुस्तक वाचलं आहे त्यांना पुढचं ठाऊक आहे. पवनचक्कीसाठी दगड ओढून ओढून बॉक्सर कोसळतो. डुकरं सांगतात, त्याला इस्पितळात नेऊ. एक बंद गाडी येते. आयुष्यभर वाचता येत असून कधी न वाचणारा बेंजामिन गाढव त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने वाचतो, गाडीवर घोडे कापणाऱ्याचं नाव आहे. आतून बॉक्सरच्या लाथांचे आवाज येतात, मग हळूहळू कमी होतात. तीन दिवसांनी किंचाळ्या येऊन सांगतो की सगळे उपचार करूनही बॉक्सर इस्पितळात गेला. आणि गाडीवरची अक्षरं? ती गाडी पूर्वी खाटकाची होती, डॉक्टरांनी विकत घेतली, जुनं नाव पुसायचं राहून गेलं.

मला इतकं हायसं वाटलं. माझा थोरला मामेभाऊ म्हणाला, "खोटं बोलतोय तो." मी त्याच्याशी तावातावाने भांडले. आमच्याकडच्या दवाखान्याच्या जीपवर अजून आधीच्या मालकाच्या दूध डेअरीचं नाव नव्हतं का? गाडी घेतली की लगेच कोण रंग देतं? माझा मुद्दा बिनतोड होता. मामा दोघांचं ऐकत बसला, काही बोलला नाही. दोन-तीन दिवसांत वळवाचा पाऊस आला, अंथरुणं खाली गेली, शाळा सुरू व्हायची म्हणून आम्ही आपापल्या गावी परतलो. शेवटचं प्रकरण राहिलं ते राहिलंच.

चार वर्षांनी पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात ते पुस्तक मी स्वतः इंग्रजीतून वाचायला घेतलं. किंचाळ्याचा खुलासा संपतो, त्यानंतर काहीच परिच्छेदांनी ऑर्वेल जाता जाता सांगतो की डुकरांच्या घरी एक पेटी आली, रात्री गाणी ऐकू आली, आणि व्हिस्की घ्यायला त्यांच्याकडे कुठूनतरी पैसे आले असं पुढे जनावरांच्या कानावर आलं. तोवर मला स्टॅलिन कोण, ट्रॉट्स्की कोण हे ठाऊक झालं होतं. पण त्या दुपारी जे कळलं ते रशियाबद्दल नव्हतं. चार वर्षं मी किंचाळ्यावर विश्वास ठेवून होते. नुसता ठेवला नव्हता, त्याच्या बाजूने पुरावा शोधून दिला होता, आणि तो पुरावा खरा होता. जीपवर डेअरीचं नाव खरंच होतं.

पुढची पानं या एका गोष्टीतून उगवली आहेत. सव्वीस वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. अभ्यासक्रम आटोपला की उरलेल्या तासांना ही असली पुस्तकं वर्गात नेत गेले. ती लहान वयात वाचल्याने मुलांचं काय होतं, हा प्रश्न मला पालकांनी विचारला, सहकाऱ्यांनी विचारला, एका मुख्याध्यापकांनी तर लेखी विचारला. मला दिसलं ते असं. मोठेपणी ही पुस्तकं वाचणारा माणूस सावध होऊन येतो. मलपृष्ठ वाचलेलं असतं, 'हुकूमशाहीवरचं रूपक' हे ऐकलेलं असतं, डुक्कर बोलायला लागलं की तो मनात म्हणतो, आला लबाड. त्याला फसवायची सोय राहत नाही. तेरा वर्षांचं पोर खरोखर फसतं. जे उरतं, वीस-तीस वर्षं अंगात राहतं, ते त्या फसण्याचं स्मरण असतं.

जनावरं आहेत म्हणून पुस्तक मुलांचं, ही चूक आमच्या मामाची एकट्याची नव्हे. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवुड यांनी लिहिलं आहे की घरात पडलेलं 'ॲनिमल फार्म' त्यांनी वयाच्या नवव्या वर्षी बोलक्या प्राण्यांची गोष्ट समजून उचललं, आणि त्या हादरून गेल्या. राजकारण काही कळलं नाही, बॉक्सरसाठी रडल्या. खुद्द ऑर्वेलनेही १९४५ च्या पहिल्या आवृत्तीवर उपशीर्षक दिलं होतं ते 'परीकथा' असं. त्याने ते खोचकपणे दिलं असेल, तरी नऊ वर्षांच्या मुलीने ते सरळ घेतलं यात तिचा काय दोष?

आता थोडं नावाबद्दल. थॉमस मोरने १५१६ साली 'यूटोपिया' लिहून एका आदर्श बेटाला नाव दिलं. त्याच्या उलट अर्थाचा शब्द १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या चर्चेत सरकारला टोला हाणताना वापरला. मराठीत 'डिस्टोपिया'ला सगळ्यांनी उचलून धरलेला शब्द अजून नाही. मी या पुस्तकात 'दुःस्वप्नकथा' म्हटलं आहे आणि माझं समाधान झालेलं नाही, कारण दुःस्वप्नातून जाग येते.

शब्द नाही याचं कारणही मला महत्त्वाचं वाटतं. वाईट काळाची आपली कल्पना कलियुगाची आहे. पुराणांतलं कलियुग म्हणजे विस्कोट. राजे लुटारू होतात, पाऊस वेळेवर पडत नाही, मुलं आईबापांना विचारत नाहीत. बेबंदशाही, मोगलाई, अंदाधुंदी, सावळागोंधळ... या बाजूला आपल्या भाषेत शब्दांचा दुष्काळ नाही. डिस्टोपियात नेमकं याच्या उलट असतं. तिथे सगळं वेळेवर होतं. रस्ते स्वच्छ असतात, रांगा सरळ असतात, 'द गिव्हर' या कादंबरीतल्या गावात तर बर्फ पडणंसुद्धा बंद केलेलं असतं. शिस्त हा ज्या समाजात सद्गुण म्हणून शिकवला जातो, तिथे शिस्तीचीच भीती वाटावी अशी गोष्ट सांगायला शब्द कुठून येणार?

मुलांना मात्र हे समजावून सांगावं लागत नाही. ती रोज घंटेवर उठतात-बसतात, एकसारखे कपडे घालतात, हजेरीपटावरच्या आकड्याला 'हजर' म्हणतात. येवगेनी झाम्यातिनच्या 'आम्ही' या कादंबरीत माणसांना नावं नाहीत, नायक डी-५०३ आहे, सगळे एकाच वेळापत्रकाने उठतात आणि जेवतात, घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि पडदे ओढायला परवानगीची चिठ्ठी लागते. वर्गात हे वाचलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, वसतिगृह!" झाम्यातिन जहाजं बांधणारा इंजिनिअर होता. पहिल्या महायुद्धात रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घ्यायला तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला राहिला. क्रांतीनंतर, १९२०-२१ मध्ये त्याने ही कादंबरी लिहिली. ती १९२४ मध्ये इंग्रजीत निघाली, पण त्याच्या स्वतःच्या देशात छापली जायला १९८८ उजाडलं. तोवर त्याला पॅरिसमध्ये मरून एकावन्न वर्षं झाली होती.

ऑर्वेलच्या बाबतीत तर शाळेचा धागा आणखी जवळचा आहे. बिहारमधल्या मोतिहारीला १९०३ साली जन्मलेलं, वडील अफू खात्यात असलेलं हे मूल वर्षा-दीड वर्षाचं असतानाच आईबरोबर इंग्लंडला गेलं, आणि आठव्या वर्षी एका निवासी शाळेत टाकलं गेलं. त्या शाळेवर त्याने पुढे एक लांबलचक निबंध लिहिला. तो इतका जहरी होता की त्याच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्येच छापला गेला. अंथरूण ओलं केलं म्हणून मार खाणारा, आणि जे आपल्या हातात नाही तोच आपला गुन्हा आहे हे पटलेला मुलगा त्यात आहे. 'ॲनिमल फार्म'मधली दहशत स्टॅलिनची असेल, पण '१९८४'मधल्या दहशतीचं मूळ काही टीकाकारांना या शाळेत दिसलं. मला हे सगळंच्या सगळं पटत नाही. ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून त्याने काढलेली पाच वर्षं आणि स्पेनचं यादवी युद्ध बाजूला कसं सारणार? तरी एक गोष्ट खरी वाटते. सगळ्यांच्या देखत 'मी चुकलो' म्हणायला लावण्यात काय असतं, हे त्याला आठव्या वर्षीच समजलं होतं. वाचणाऱ्या मुलालाही ते समजतं. आपण मोठे झालेलेच विसरलेलो असतो.

या पुस्तकात सर्वांत जास्त पानं लोइस लॉरी यांच्या 'द गिव्हर'ला गेली आहेत. ते जाणूनबुजून केलं आहे. १९९३ साली आलेली, पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक मिळालेली ही छोटी कादंबरी आणि तिचा नायक जोनास हा बारा वर्षांचा. त्याच्या गावात वेदना नाही, भांडण नाही, रंगही नाहीत, आणि रंग नाहीत हे वाचकाला बराच वेळ कळत नाही. चूक केली की सगळ्यांपुढे ठरलेल्या शब्दांत माफी मागायची, बाराव्या वर्षी कोणी काय काम करायचं ते वडीलधाऱ्यांची समिती ठरवणार. म्हाताऱ्यांना समारंभ करून 'मुक्त' केलं जातं. अशक्त बाळांनाही 'मुक्त' केलं जातं. जोनासचे वडील बाळांची देखभाल करणारे, प्रेमळ, हसतमुख. जुळी झाली तर दोहोंतलं कमी वजनाचं बाळ ते मुक्त करतात. मग एके दिवशी जोनास त्या मुक्तीचं चित्रण पाहतो. वडील नेहमीच्या लाडिक आवाजात बाळाशी बोलत त्याच्या कपाळाच्या शिरेत सुई घालतात.

वर्गात या पानावर नेहमी शांतता व्हायची. पण मुलांनी नंतर बोलून दाखवलेली गोष्ट वेगळीच होती. "मॅडम, मला वाटलं होतं त्यांना दुसऱ्या गावी पाठवतात." वाटणारच. जोनासलाही तेच वाटत होतं. लेखिकेने शंभराहून जास्त पानं हा शब्द वाचकाच्या हातात खेळू दिलेला असतो. मराठीत तर तो जास्तच झोंबतो, कारण कोणी गेलं की आपण खरोखरच म्हणतो, 'सुटला बिचारा.'

लॉरींनी न्यूबेरी पदक स्वीकारताना सांगितलेल्या दोन आठवणी इथे सांगायला हव्यात. वडील लष्करात असल्याने अकराव्या वर्षी त्या तोक्योला राहायला गेल्या. भोवती भिंत असलेली अमेरिकन वसाहत होती, आत सगळं अमेरिकेसारखं, ओळखीचं, सुरक्षित. त्या सायकल काढून फाटकाबाहेर शिबुयाच्या गर्दीत जायच्या. दुसरी आठवण फार पुढची. वृद्ध वडिलांची स्मृती जात चालली होती. भिंतीवरच्या फोटोतल्या थोरल्या मुलीचं नाव त्यांना आठवायचं, पण ती तरुणपणीच वारली हे आठवत नव्हतं. दुःख विसरलं तर माणूस सुखी होईल का, हा प्रश्न लॉरींना तिथे पडला. कादंबरीच्या शेवटी जोनास आणि ते बाळ वाचतात की बर्फात गारठून मरतात, हे स्पष्ट नाही. माझ्या वर्गात दर वर्षी यावरून दोन तट पडायचे, आणि जी मुलं जोनास वाचला म्हणायची ती मी जीपवरच्या डेअरीसाठी भांडले होते तशीच भांडायची. मी मामासारखी गप्प बसायचे. सोपं नसतं ते.

ही कादंबरी झाली की मी फळ्यावर एक रेघ मारायचे. डावीकडे मुलांनी रोज कानावर येणारा एखादा गुळगुळीत शब्द सांगायचा, उजवीकडे त्याचा खरा अर्थ. पहिला शब्द नेहमी ठरलेला असायचा. भारनियमन म्हणजे वीज जाणं. (परीक्षेच्या आदल्या रात्री बारा तास अंधारात बसलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही.) सुशोभीकरण म्हणजे टपऱ्या उठवणं. समायोजन म्हणजे बाईंची बदली. एका वर्षी एक मुलगी उठली, अंगाने लहानखुरी, एरवी न बोलणारी. म्हणाली, "पुनर्वसन." उजवीकडे काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "आमच्या पणज्याला कोयनेच्या पाण्यातून उठवून सोलापूरकडं धाडला, ते." मी तसंच्या तसं लिहिलं.

आमच्या आजीचं 'पुण्याला होता तेव्हा' हेही त्याच फळ्यावर बसलं असतं. पण आजीच्या शब्दामागे लाज आणि माया होती. सरकारी शब्दामागे काय असतं ते वेगळं सांगत नाही. आणीबाणी जाहीर झाली ती २५ जूनच्या रात्री, आणि २५ जून ही ऑर्वेलची जन्मतारीख. निव्वळ योगायोग, पण मामाला तो फार आवडायचा. त्या काळात 'अनुशासन पर्व' हा विनोबांचा शब्द सरकारी प्रचाराने उचलून भिंतीभिंतींवर नेला. विनोबांनी पुढे खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, राज्यकर्त्यांचं असतं ते शासन. तोवर शब्द कामाला लागलेला होता. महाभारतातल्या पर्वाचं नाव! तुरुंगाला याहून सोज्वळ पाटी कोणती मिळणार?

मोठ्यांना ही पुस्तकं मुलांच्या हाती द्यायची भीती वाटते, आणि त्या भीतीतून जे होतं त्याचं रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'इतकं हास्यास्पद उदाहरण दुसरं नसेल. ब्रॅडबरीने तिचा पहिला खर्डा लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या भाड्याच्या टंकलेखन यंत्रावर लिहिला. अर्ध्या तासाला दहा सेंट टाकायचे की यंत्र चालू. सगळे मिळून नऊ डॉलर ऐंशी सेंट खर्ची पडले. १९५३ मध्ये कादंबरी आली. विषय काय, तर पुस्तकं जाळणारं अग्निशामक दल. १९६७ मध्ये प्रकाशकाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि लेखकाला न सांगता तिच्यात पंचाहत्तर ठिकाणी हात मारला. शिव्या काढल्या, गर्भपाताचा उल्लेख काढला, दारुड्या माणसाला आजारी केलं. पुढे तर काही वर्षं हीच छाटलेली आवृत्ती सगळ्यांना विकली जात होती. ब्रॅडबरीला हे कळलं ते १९७९ मध्ये, विद्यार्थ्यांनी लिहून कळवलं म्हणून. म्हणजे पुस्तकांवरच्या बंदीविरुद्धची कादंबरी मुलांसाठी कापली गेली, आणि ते पकडलं मुलांनी. वर्गात हा किस्सा सांगितला की उरलेली कादंबरी कोणाला वाचा म्हणावं लागत नाही.

ऑल्डस हक्स्लीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चं (१९३२) प्रकरण तुलनेने आखूड आहे. मोठे वाचक तिला डोक्यावर घेतात, पण माझ्या वर्गात ती कधी नीट पेटली नाही. तिथे कोणी रडत नाही ना. एकदाच पेटली, तीही मला अपेक्षित नव्हती अशी. बाटलीत वाढवलेली माणसं जन्माआधीच अल्फापासून एप्सिलॉनपर्यंतच्या पायऱ्यांवर बसवली जातात, आपलं काम आवडायला झोपेत शिकवलं जातं, हे मी समजावत होते. एक मुलगा म्हणाला, "हे भविष्यातलं कसं, मॅडम?" मला आधी उमजलंच नाही. मग तो म्हणाला, "आमच्या वस्तीचं पाणी जन्माआधीच ठरलेलं होतं." चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, ही कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी आलेली. हक्स्ली त्याआधी भारत फिरूनही गेला होता. त्याने इथून काय नेलं यावर मी पैज लावणार नाही, पण त्या दिवसापासून मी 'भविष्यातला समाज' हे शब्द जपून वापरते. ॲटवुड यांनीही 'द हँडमेड्स टेल' लिहिताना नियम केला होता की माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे आधीच केलेलं नाही असं काही त्यात घालायचं नाही.

आता दुसरी बाजू. ही पुस्तकं लहानपणी वाचून मुलं शहाणीच होतात असं मी कुठे म्हटलेलं नाही. काहींना सगळीकडे डाव दिसायला लागतात. शाळेने मोबाइल काढून घेतला की 'मॅडम, हे '१९८४' आहे', सोसायटीत कॅमेरा लागला की '१९८४'. ज्याला त्याला तीच पाटी लावली की पाटीवरची अक्षरं पुसट होतात. त्यातून आपल्या काळाने एक गंमत करून ठेवली आहे. ऑर्वेलच्या 'बिग ब्रदर'चं नाव घेऊन १९९९ मध्ये हॉलंडात एक दूरचित्रवाणी खेळ निघाला, तो 'बिग बॉस' होऊन हिंदीत आला, २०१८ मध्ये मराठीतही आला. आजची मुलं चोवीस तास पाळत ठेवणाऱ्या आवाजाला आधी करमणूक म्हणून भेटतात, ऑर्वेल नंतर.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. बंडखोर नायिकेच्या जागी स्वतःला पाहायची चटक लागते. सुझन कॉलिन्स यांना 'द हंगर गेम्स' (२००८) सुचली ती टीव्हीच्या वाहिन्या बदलताना. एकीकडे स्पर्धा, दुसरीकडे इराक युद्ध, आणि दोन्हींची सरमिसळ. करमणूक आणि हिंसा यांच्या भेसळीवर लिहिलेली ही कादंबरी मुलं थरारासाठी वाचतात, मीही वाचली. २०१८ मध्ये कॅल्व्हर्ट जोन्स आणि सीलिया पॅरिस या दोन अमेरिकन संशोधकांनी प्रयोग प्रसिद्ध केले. अशी कथा वाचलेल्या-पाहिलेल्या लोकांना अन्यायी सत्तेविरुद्ध हिंसक मार्गही योग्य ठरू शकतात असं वाटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा काहीसं जास्त निघालं. एका गटाला कथेऐवजी थायलंडमधल्या खऱ्या आंदोलनाची आणि पोलीस कारवाईची दृश्यं दाखवली होती. त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाही. बातमीने जे होत नाही ते कथेने होतं, हे वाचून शिक्षिका म्हणून मला आनंद व्हावा की काळजी वाटावी, माझं अजून ठरलेलं नाही.

आणि थायलंडच निघालं आहे तर, २२ मे २०१४ च्या लष्करी उठावानंतर बँकॉकच्या रस्त्यांवर लोक 'हंगर गेम्स'मधली तीन बोटं वर करून उभे राहिले. पकडलेही गेले. काहीजण तर नुसतं '१९८४' उघडून वाचत बसायचे. २०२१ मध्ये तीच तीन बोटं म्यानमारमध्ये वर झाली. चित्रपटांमुळे ती खूण पसरली हे खरं, पण कादंबरीत ती मुळात बंडाची खूण नाहीच. ती एका गरीब जिल्ह्यातली जुनी रीत आहे, आभाराची, निरोपाची, मर्तिकाला कधीमधी दिसणारी.

ॲटवुड यांच्याकडे पुन्हा एकदा येते, कारण लहानपणीचं वाचन किती उशिरा आणि कुठल्या आडवाटेने फळतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. बॉक्सरसाठी रडलेल्या त्या मुलीने पुढे किशोरवयात '१९८४' वाचली. तिच्या शेवटी त्या राजवटीच्या नवभाषेवर एक रूक्ष परिशिष्ट आहे. बहुतेक वाचक ते सोडून देतात, मीही सोडलं होतं. ॲटवुड यांच्या लक्षात आलं की ते परिशिष्ट साध्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेलं आहे. म्हणजे ते लिहिलं जाताना ती राजवट संपलेली आहे! १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या कादंबरीच्या शेवटी म्हणून कित्येक वर्षांनंतरच्या एका परिषदेचा वृत्तान्त येतो. क्रियापदाच्या एका काळावर त्या इतकी वर्षं कान ठेवून होत्या. व्याकरणाचा तास कंटाळवाणा असतो म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगायचे.

पुस्तकातल्या सात कादंबऱ्यांचा क्रम मी सनावळीने लावलेला नाही. कोणत्या वयात काय हाती यावं, त्याप्रमाणे लावला आहे. आधी 'ॲनिमल फार्म' आणि 'द गिव्हर', मग 'हंगर गेम्स', ब्रॅडबरी, '१९८४', हक्स्ली, आणि सगळ्यांत जुना झाम्यातिन शेवटी. बाराच्या आत यांतलं काही देऊ नये असं माझं मत आहे. दिलं तर घरात कोणीतरी जवळपास असावं, आणि त्याने मध्येच 'अगं, हा म्हणजे स्टॅलिन' असं सांगू नये. किशोरवयीन मराठी वाचकासाठी मराठीतच लिहिलेली अशी कादंबरी मी बरीच शोधली. हाती फारसं काही लागलं नाही, म्हणून इथे सगळी परकी नावं आहेत. कोणीतरी ही तक्रार खोटी पाडावी.

मामा आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. या प्रस्तावनेसाठी त्याची ती जुनी प्रत मागून आणली. वाचन रोज जिथे थांबायचं तिथे त्याने समासात पेन्सिलने तारीख घातलेली आहे. शेवटची तारीख किंचाळ्याच्या खुलाशापाशी आहे, व्हिस्कीच्या अलीकडे. त्यापुढची पानं कोरी.

मी त्याला फोनवर विचारलं, "मामा, तू मुद्दाम थांबलास का रे त्या पानावर मला तसंच ठेवून?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "पाऊस आला होता ना गं. गच्चीवर कोण झोपणार?"